खालची भिंत

३ मे

डॉक्टरेटचा प्रबंध स्वीडिश प्रथेप्रमाणे भिंतीला ठोकला एकदाचा. हातोडा विभागाचा, खिळा माझा आणि अंगठाही माझाच. पहिला घाव अंगठ्यावर बसला तेव्हा विभागप्रमुख स्तेल्लान म्हणाला, "रक्त लागलेला प्रबंध आमच्याकडे आजवर नापास झालेला नाही." माझी मार्गदर्शक गुन्वर म्हणते, हा विनोद तो दरवर्षी करतो, फक्त अंगठे बदलतात.

आता चोवीस तारखेपर्यंत तो तिथे लटकणार. ज्याला वाटेल त्याने यावं, वाचावं, चुका काढाव्यात. त्या दिवशी भर सभेत कार्ल्सरूहहून येणारे परीक्षक ओटमार फेसलर मला सोलून काढणार आणि मी उत्तरं देणार. एकदा खिळा बसला की प्रबंधातलं अक्षर बदलता येत नाही. बरंच आहे. पाच वर्षं मी अक्षरंच बदलत बसले होते.

पप्पांना फोन केला.

"काय सिद्ध केलंस म्हणे?"

"तीन गोल एकमेकांभोवती एका ठरावीक वाटेने फिरतात. त्यांना हलका धक्का बसला तरी वाट मोडत नाही."

"आणि जोराचा बसला तर?"

"तर मोडते."

"एवढंच ना? हे मीही सांगितलं असतं. फुकट." आमच्या उत्तरेत, पायाला गावाकडे, कौतुक असंच करतात.

नंतर केक. गुन्वर जूनमध्ये निवृत्त होतेय म्हणून स्तेल्लानने कॉफीचे नवे कप करून आणलेत. प्रत्येकावर 'गुन्वरची असमानता, २००६' छापलंय, खाली ती असमानता, म्हणजे 'हे त्याहून मोठं' सांगणारं तिचं सूत्र. मी ती पहिल्या वर्षाला शिकले, पायथागोरसच्या शेजारची असल्यासारखी. पाच वर्षं तिच्याच हाताखाली काढली तरी कपावर तिचं नाव पाहून छाती फुगली. तिने कप हातात घेतला, उलटसुलट केला आणि कॉफी आपल्या जुन्या टवका उडालेल्या कपातच ओतली. लाजली असेल.

७ मे

सभेत दाखवायची चित्रं करायला बसले. पप्पा येणार, शेजारीण येणार, म्हणून पहिलं चित्र साध्या माणसांसाठी. यंत्राला आकड्याचे ठरावीकच अंक ठेवता येतात, उरलेले छाटावे लागतात. पण छाटताना खाली वळायचं की वर, हे त्याला सांगता येतं. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यासाठी आज्ञाच आहे. मग तोच गुणाकार एकदा खाली वळवून करायचा, एकदा वर वळवून. खरं उत्तर दोन भिंतींच्या मध्ये कोंडलं जातं. माझा सगळा प्रबंध म्हणजे अशा कोट्यवधी कोठड्या, आणि एकाही कोठडीतून तीन गोलांना बाहेर पडायला वाव नाही.

उदाहरण घेतलं शून्य पूर्णांक एक गुणिले शून्य पूर्णांक एक. माझ्याच कोडातून चालवलं. खालची भिंत आणि वरची भिंत अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारखी आली.

तसं होऊ शकत नाही. यंत्र फक्त शून्य आणि एकात मोजतं, त्यात हा गुणाकार नेमका बसत नाही, म्हणजे भिंतींत केसभर तरी अंतर हवंच. छापण्यात काहीतरी गडबड असावी. उद्या बघते.

८ मे

छापण्यात गडबड नाही.

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. खाली-वरची ती आज्ञा म्हणजे एक बटण. दर गुणाकाराला ते दाबत बसलं तर यंत्र अडखळत चालतं. म्हणून गुन्वरच्या मूळ कोडात एक युक्ती आहे, तीच मी वापरते. बटण कायम 'वर' ठेवायचं. खालची भिंत हवी असली की आकडा उणे करायचा, गुणायचा, तो वर वळतो, मग पुन्हा उणे करायचं. उण्यातलं वर म्हणजे अधिकातलं खाली, झाली खालची भिंत. सुंदर युक्ती आहे, या धंद्यातले सगळे वापरतात.

पण माझं लिखाण यंत्राच्या बोलीत उतरवणारा कंपायलर स्वतःला माझ्याहून शहाणा समजतो. त्याला दोन उणे दिसले. त्याने ते कापले. उणे उणे अधिक, सहावीच्या मास्तरासारखं! त्यामुळे एका ठिकाणी, एकाच सूत्रात, पण नेमक्या गाभ्याच्या सूत्रात, माझ्या दोन्ही भिंती वरच्याच निघाल्या. खाली भिंतच नाही. गोल तिथून केव्हाच पसार झाले असतील तर मला पत्ता नाही.

मी 'खाली' म्हटलं होतं. भाषेने मला 'खाली' म्हणायची सोय दिली आहे. मी म्हटलं, तिने मान डोलावली आणि स्वतःच्या मनाचं केलं.

गुन्वरच्या खोलीत धावत गेले, सगळं फळ्यावर मांडलं. तिने खडू घेऊन दोन उण्यांखाली रेघ ओढली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कंपायलर हे कधीपासून करतोय?"

"मला काय करायचंय ते? माझा प्रबंध भिंतीवर लटकतोय, त्याचं बोल!"

"शोधून काढ, तीरा."

माझ्या डोक्यावर आभाळ कोसळलंय आणि हिला इतिहास हवाय. मी म्हटलं, "म्हणजे माझं प्रमेय गेलं का?" तिने नुसता श्वास आत ओढला, आपल्याकडे उत्तरेत 'हो' म्हणतात तसा. मग म्हणाली, "कायमचं गेलं नाही. पण आज हातात नाही."

९ मे

येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. इमारत रिकामी. तळघरात दिवा दिसला म्हणून डोकावले तर गुन्वर, धुळीने माखलेली, जुन्या यंत्रांच्या ढिगात.

"काय शोधतेस?"

"निवृत्तीची आवराआवर."

सुट्टीच्या दिवशी! मी तिला मदत करू का विचारलं. नको म्हणाली, जरा जास्तच पटकन.

कंपायलर वेगासाठी करतो त्या सगळ्या सुधारणा बंद करून माझा हिशेब पुन्हा चालू केला. असं केलं की तो उणे कापत नाही, पण बैलगाडीच्या वेगाने चालतो. जून उजाडेल.

१३ मे

स्तेल्लानने बोलावलं. दार लावून घेतलं, म्हणजे प्रकरण गंभीर. इथे दार लावतच नाहीत.

"किती लोकांना माहीत आहे?"

"मला, गुन्वरला आणि आता तुला."

"मग घाई कशाला? सभा होऊ दे. उत्तर बरोबरच असणार, पाच वर्षांत कुठे काही विसंगत दिसलं नाही. नंतर एखादी शांत दुरुस्ती छापू."

"म्हणजे भर सभेत मूग गिळून बसू?"

"विचारलं तर सांग. कोणी विचारणार नाही."

"मग मीच सांगते."

त्याने कपाळ चोळलं. मग दुसरी वाट सुचवली: बटणाच्या भानगडीत न पडता प्रत्येक उत्तर एक पायरी बाहेर ढकल, भिंती आपोआप पक्क्या होतील. माणूस मूर्ख नाही. ते मी शनिवारीच करून पाहिलं होतं. भिंती पक्क्या होतात पण कोठड्या फुगत जातात, आणि तिसऱ्या वळणावर इतक्या फुगतात की आत हत्ती मावेल. प्रमेय तिथेच मरतं. मला नेमकं खाली हवंय, 'साधारण खाली' नको.

"आणि बाकीच्यांच्या कामाचं काय?" स्तेल्लानने विचारलं. "ही युक्ती तर..."

"गुन्वरचं काम दुसऱ्या जमान्यातलं. दुसरं यंत्र, दुसरी भाषा. त्याला धक्का नाही." मी अगदी ठणकावून सांगितलं. गुन्वर तेव्हाच आत आली होती. ती खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिली. माझी बाजू घेणं सोडाच.

तिच्यासाठी तो इतिहासही शोधला. कंपायलरच्या जुन्या आवृत्त्या एकेक करून चालवल्या. २००३ चा शहाणा आहे, उणे कापत नाही. २००४ पासून आजतागायत सगळे कापतात. वीस वर्षं! वीस वर्षं या लोकांनी डोळे मिटून घेतलेत. हे हत्यार मला उद्या कंपायलरवाल्या तॉर्केलविरुद्ध उपयोगी पडेल. गुन्वरला सांगितलं तर म्हणाली, "चार? नक्की चार?" आणि खुर्चीत बसली. मी म्हटलं नक्की. आनंद झालेला दिसला नाही.

१४ मे

तॉर्केल. कंपायलर सांभाळणाऱ्या मंडळीतला मुख्य. स्टॉकहोमला बसतो. पडद्यावर दिसला तो डोक्यावर सायकलचं शिरस्त्राण घालूनच, म्हणजे मला किती वेळ द्यायचा हे आधीच ठरलेलं.

मी तीन ओळींचा प्रोग्राम दाखवला. त्याने पाहिला, मान डोलावली.

"खरं आहे. असंच होतं."

"मग दुरुस्त कर."

"दुरुस्त म्हणजे? हा दोष नाही. जवळजवळ कोणीच ते बटण वापरत नाही."

"भाषेच्या नियमांत लिहिलंय की बटण वापरलं तर दोन उणे कापायचे नाहीत. तुम्हीच लिहिलंय!"

"लिहिलंय. अजून केलेलं नाही."

"वीस वर्षं?"

"इतर कामं असतात गं."

"तॉर्केल, तुझ्या घरात एक बटण आहे, त्यावर 'दिवा' लिहिलंय. दाबलं तर दिवा लागत नाही. तू काय म्हणशील?"

"म्हणेन की या खोलीत कोणी येतच नाही." हसला. वाईट माणूस नाही, त्याचाच जास्त राग येतो. "हे बघ. तुझ्यासाठी प्रत्येक गुणाकारापाशी थबकायचं, तर जगातल्या सगळ्यांचे प्रोग्राम हळू होतील."

"सगळ्यांचे नको. बटण दाबेल त्याचेच होऊ देत. बदल मीच लिहून दिलाय."

"पाहिला. चांगला लिहिलाय. पण तो सांभाळणार कोण? मला एक माणूस दाखव. एक, ज्याचं यामुळे खरंच नुकसान झालं. छापलेलं, मान्य झालेलं काही कोसळलं. तुझं तर अजून भिंतीवरच आहे."

माझ्याकडे माणूस नव्हता. त्याने शिरस्त्राणाचा पट्टा आवळला आणि गेला.

इतका संताप आला की दोन दालचिनीचे पाव उभ्यानेच खाल्ले. एक माणूस म्हणे! माणूस मेल्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही का?

१६ मे

आज पुन्हा हातोडा मागितला. विभागातल्या लीसबेथने विचारलं, अजून कोणाचा प्रबंध आहे का? म्हटलं, माझाच आहे, उरलेला.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'प्रमेय ४.१ आज सिद्ध झालेलं नाही. कारण खाली.' आणि खाली कारण. प्रबंधाशेजारी ठोकला. प्रबंधातलं अक्षर बदलायला बंदी आहे. शेजारी खिळा ठोकायला बंदी असल्याचं मला कुठे सापडलं नाही.

कॉफीच्या वेळी सगळे तिथे गोळा झाले. कोणी काही बोललं नाही, ही आमची बोलण्याची पद्धत. स्तेल्लानने कागद वाचला आणि इतक्या हळू मान हलवली की मला आई आठवली. गुन्वर सगळ्यांच्या मागे उभी होती. तिने कागद दोनदा वाचला, मग जवळ येऊन खिळ्यावर बोट ठेवलं.

"वाकडा ठोकलायस."

"काढू?"

"काढलास तर याद राख."

पाच वर्षांत तिने मला केलेली ही सर्वांत गोड स्तुती, मी तरी तशीच घेतली.

२० मे

गुन्वर कॉफीला येत नाही. तिच्या निवृत्तीच्या मेजवानीची यादी घेऊन स्तेल्लान दारोदार फिरतोय, कोण भाषण करणार, असमानतेवर कोण बोलणार. तिला विचारलं तर म्हणाली, "मेजवानी चोवीसच्या नंतर ठरवू." चोवीसला तर माझी सभा. माझ्यापायी तिचा समारंभ झाकोळतोय, त्याचा राग धरून बसली असेल. धरू दे. मला खरंच वाईट वाटतंय, पण मागे हटणार नाही.

तळघरातलं एक जुनं यंत्र रात्रंदिवस घरघरतंय. लीसबेथ वैतागली आहे.

माझा हिशेब निम्म्याच्या थोडा पुढे. तिसरं वळण पार झालं. भिंती टिकल्या. एकटीच होते म्हणून जरा नाचून घेतलं.

२२ मे

गुन्वरशी भांडले. मनात ठेवण्यापेक्षा लिहून टाकते.

तिच्या खोलीत खोकी भरलेली, भिंती उघड्या. मी सरळ विचारलं, "परवा माझ्या बाजूने उभी राहशील की नाही?"

"मार्गदर्शक सभेत बोलत नाही. प्रथा आहे."

"प्रथा मला सांगू नकोस. फळ्यावर सगळं मांडलं त्या दिवसापासून तू गप्प आहेस. घाबरलीस का? जाता जाता नाव खराब होईल म्हणून?"

तोंडातून गेलं आणि जीभ चावली. पण परत घेतलं नाही, तेवढी मी पायालाची आहेच.

ती हातातल्या कपाला कागद गुंडाळत होती, नव्या कपाला. तो खोक्यात ठेवला.

"तुझी ही आरडाओरड कशासाठी आहे, तीरा? तीन गोलांसाठी की तुझ्यासाठी?"

"'खाली' या शब्दासाठी. मी खाली म्हटलं तर खालीच झालं पाहिजे. नाहीतर मग आपण काहीच म्हणू नये."

ती हसली, पहिल्यांदाच या महिन्यात. "मग परवा त्यापासून मागे फिरू नकोस. समोर कोणीही असो."

"ओटमारला घाबरत नाही मी."

"ओटमारला कोण घाबरतंय," ती म्हणाली आणि पुढचा कप उचलला.

मी दारात पोचले तेव्हा तिने विचारलं, "सिद्ध नाही म्हणजे काय, तुझी व्याख्या काय?"

"ज्या हिशेबाला खालची भिंत नाही, तो सिद्ध नाही. कोणाचाही असो."

तिने श्वास आत ओढला.

२४ मे

उत्तीर्ण झाले. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल.

सभागृह भरलं होतं. भिंतीवरच्या कागदाची बातमी बरीच फिरली असावी. पप्पा पहिल्या रांगेत, पिशवीत वाळवलेलं रेनडियरचं मांस, सगळ्यांना वास येत होता. आणि शेवटच्या रांगेत, मांडीवर शिरस्त्राण घेऊन, तॉर्केल. तो आलाय हे पाहून मी एवढी चवताळले की भीती पळूनच गेली.

ओटमारनी पहिलाच प्रश्न टाकला. "बाई, तुमचा कागद मी वाचला. आत्ता, या क्षणी, तुमचं प्रमेय सिद्ध आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

खोलीत एक चुळबूळ झाली. मी पुढे सांगितलं: हिशेब पुन्हा चालू आहे, दोन तृतीयांश कोठड्या पक्क्या झाल्या आहेत, उरलेल्या जूनमध्ये होतील किंवा होणार नाहीत. मी आज फक्त एवढंच सिद्ध करू शकते की आमची भाषा 'खाली' म्हणू देते आणि खाली करत नाही. तीन ओळींचा प्रोग्राम पडद्यावर आणला. पप्पांनाही कळला असावा, कारण ते मोठ्याने म्हणाले, "मग ती आज्ञा ठेवलीच कशाला?" लोक हसले. तॉर्केल हसला नाही.

ओटमारनी मला दोन तास सोललं. नीट सोललं, हातचं राखून नाही. शेवटी म्हणाले, "बाई, मी आजवर ज्यांना प्रश्न विचारले त्यांच्यापैकी 'नाही' हे उत्तर मला तुम्हीच दिलंत." मग प्रथेप्रमाणे सभेला विचारलं, आणखी कोणाला काही विचारायचंय का? कोणी कधीच काही विचारत नाही. सगळ्यांचं लक्ष कॉफीकडे असतं.

गुन्वर उठली.

स्तेल्लान अर्धवट उभा राहिला. "गुन्वर, मार्गदर्शक..."

"मी सभेतली एक बाई म्हणून विचारतेय. बस, स्तेल्लान." मग माझ्याकडे वळली. "दोन उण्यांची ही युक्ती तुझ्याआधी कोणी वापरली?"

"तू," मी म्हटलं. "तुझ्या कोडातून मी घेतली."

"मी ती कशासाठी लिहिली होती?"

"असमानतेसाठी. पण ते जुन्या यंत्रावर, जुन्या..."

"कोणी सांगितलं तुला?"

मला कोणीही सांगितलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं होतं.

"२००५ च्या हिवाळ्यात," ती म्हणाली, आवाज अगदी कॉफीच्या वेळचा, "तळघरातल्या यंत्रावर, त्या वेळच्या नव्याकोऱ्या कंपायलरने. तेच यंत्र मी या महिन्यात पुन्हा चालवलं, उणे न कापता. काल हिशेब संपला. दोन ठिकाणी खालची भिंत उरत नाही." ती क्षणभर थांबली. "तर माझा प्रश्न. छापलेली, अठरा वर्षं मान्य असलेली, कपांवर गेलेली ती असमानता. तुझ्या व्याख्येने ती आज सिद्ध आहे का?"

तळघर, ते 'नक्की चार?', तो खोक्यात गेलेला कप, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं, आणि परवा मी तिला घाबरट म्हणाले होते तेही. पहिल्या रांगेत पप्पा होते, शेजारी स्तेल्लान डोळे मिटून बसला होता. मला रडू येत होतं आणि ती माझ्याकडे बघत उभी होती, ताठ, उत्तर ऐकायला आलेली.

"नाही," मी म्हटलं. अगदी पुटपुटल्यासारखं.

"मोठ्याने सांग, तीरा. शेवटच्या रांगेत ऐकू गेलं नाही."

मी मान वर केली, 'एक माणूस दाखव' म्हणणाऱ्या तॉर्केलकडे थेट पाहिलं आणि छातीत होता नव्हता तेवढ्या आवाजात म्हटलं, "गुन्वरची असमानता आज सिद्ध नाही." मगच ती खाली बसली.